बॅरोच्या टेपमधलं हसणं

फ्लीटवुड, ९ मार्च १९९४

श्री. बर्नार्ड कॅचपोल यांस,

आपली ओळख नाही. मी विनिफ्रेड हेस्केथ, बॅरोच्या सिरिल थ्रेलफॉलची धाकटी बहीण. तुमचं पार्सल परवा त्याच्या घरी आलं. आत दोन कॅसेट होत्या आणि चिठ्ठी: 'लीड्सची टेप अखेर मिळाली, म्हाताऱ्या, उडी मार!' सिरिल उडी मारू शकत नाही. तो १७ फेब्रुवारीला वारला. हृदय बंद पडलं. दुकानातून दूध घेऊन येत होता. बाटली फुटली नाही, असं त्याची शेजारीण मला दोनदा म्हणाली. त्यात तिला एवढं काय वाटलं कोण जाणे.

अंत्यविधीला सात माणसं होती. तुमचा पत्ता तेव्हा माझ्याकडे नव्हता, नाहीतर कळवलं असतं. लोक माझा हात धरतात आणि डोळ्यांत बघतात, आणि मी त्यांना विचारते की चहात साखर किती. मला काहीच वाटत नाही. हे तुम्हाला लिहायला सोपं जातंय, कारण तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही.

घर नगरपालिकेचं आहे. ३० एप्रिलला किल्ल्या परत द्यायच्या आहेत. मागची खोली छतापर्यंत खोक्यांनी भरली आहे, आणि प्रत्येक खोक्यावर त्या बँडचं नाव: द डॅम्प व्हिकर्स. तुम्हीही त्यातलेच दिसता. दारात कचऱ्याचा लोखंडी हौद मागवलाय. तेव्हा कृपया आणखी काही पाठवू नका. या दोन कॅसेट परत करते आहे.

विनिफ्रेड हेस्केथ

*

लोस्टॉफ्ट, १४ मार्च १९९४

आदरणीय मिसेस हेस्केथ,

तुमचं पत्र मी जिन्यात उभ्याउभ्याच वाचलं आणि तिथेच बसलो. सिरिल आणि मी एकोणीस वर्षं पत्रं लिहीत होतो. भेट एकदाही नाही. एक्क्याऐंशी साली डर्बी स्टेशनवर भेटायचं ठरलं होतं. तो एका उपाहारगृहात बसला आणि मी दुसऱ्यात. दोघांनी तीन तास एकमेकांची वाट बघितली आणि दोघेही घरी गेलो. मग दोघांनी एकाच दिवशी रागाची पत्रं टाकली. त्याला बहीण आहे हे त्याने कधी लिहिल्याचं मला आठवत नाही. तसा तो घरचं फारसं लिहीत नसे.

आता कसं लिहावं कळत नाही, पण हौद येण्याआधी लिहायलाच हवं. त्या खोक्यांत काय आहे याची तुम्हाला कल्पना नसेल. व्हिकर्सनी दोनच तबकड्या काढल्या आणि दोन्ही कुणी घेतल्या नाहीत. चार बाप्ये, नावाप्रमाणेच 'ओले पाद्री': गळ्यात पाद्र्याची पांढरी पट्टी, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले. एकाच्या हातात गिटार, एकाच्या हातात कपडे घासायची फळी. रंगमंचावर पाणी ठिबकतंय आणि चेहरे मात्र मयताला आल्यासारखे. त्यांची खरी गंमत क्लबांतल्या कार्यक्रमांत होती, आणि ती कुणी जपली असेल तर ती चोरून टेप करणाऱ्या आमच्यासारख्या वेड्यांनी. तुमच्या भावाच्या खोक्यांत अशी रिळं आहेत जी जगात दुसरीकडे नाहीत. बॅरोच्या कामगार क्लबातलं १९७१ चं मूळ रीळही तिथेच आहे. आमच्या मंडळींत त्याला 'गाढवाची टेप' म्हणत, कारण माइकजवळचा कुणी एक इसम प्रत्येक विनोद संपल्यावर तीन सेकंदांनी रेकायचा. पुढे ते साफ केलं गेलं. आता ती आमच्यातली सगळ्यात स्वच्छ टेप आहे.

हौदवाल्याला थांबवता येईल का? मी व्हॅन घेऊन येतो. आणि सिरिलबद्दल मला फार वाईट वाटतं. हे वाक्य आधी लिहायला हवं होतं.

आपला,
बर्नार्ड कॅचपोल

*

फ्लीटवुड, २१ मार्च १९९४

श्री. कॅचपोल,

ताकाला जाऊन भांडं लपवलं नाहीत, एवढं बरं केलंत. एक विचारते, तुम्हाला दुःख सिरिलचं आहे की रिळांचं? खरं सांगा. मी चिडणार नाही. चिडायलाही काहीतरी वाटावं लागतं.

आता तुमच्या गाढवाबद्दल. तो 'कुणी एक इसम' म्हणजे माझा भाऊ. दुसरं कोण असणार? माइक त्याच्या डाव्या बाहीत होता. यंत्र माझ्या बाजाराच्या पिशवीत होतं आणि वर मी लोकरीचा गोळा आणि अर्धा विणलेला मोजा ठेवला होता. दारावरच्या माणसाने पिशवीत डोकावून विचारलं, "काय विणताय ताई?" मी म्हटलं, "मोजा." तो म्हणाला, "एकच?" मी म्हटलं, "नवऱ्याला एकच पाय आहे." तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं. आत जाऊन सिरिल यावर हसला, पण केव्हा? आम्ही बसल्यावर, कोट काढून झाल्यावर. त्याचं हसू नेहमी उशिरा यायचं आणि आलं की सगळ्या खोलीला कळायचं. शाळेत असताना त्याला त्यासाठी छड्या बसायच्या. सगळ्यांचं हसून झालेलं असायचं, मास्तर फळ्याकडे वळलेले असायचे, आणि मग आमच्या सिरिलला विनोद कळायचा.

त्याचं घर आवरताना मी त्याचा आवाज शोधला. माणसं गेलेल्यांचे आवाज ठेवतात ना. त्या खोलीत दोनशेच्या वर टेप आहेत आणि एकीतही तो बोलत नाही. सगळीकडे ते चार पाद्रीच. माझ्याकडे त्याचे फोटो आहेत, पण फोटोत तो तोंड मिटून उभा आहे.

तुमच्यापैकी कुणाकडे गाढवासकट टेप असेल तर ती मला हवी आहे. तेवढी द्या आणि खोकी सगळी तुम्ही घेऊन जा. हौद थांबवला आहे.

वि. हेस्केथ

*

लोस्टॉफ्ट, १९ एप्रिल १९९४

आदरणीय मिसेस हेस्केथ,

उत्तराला महिना लागला, क्षमा करा. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर: दोन्हींचं. कुठलं जास्त ते माझं मलाच कळत नाही, आणि त्याची लाज वाटते.

महिनाभर मी टेपच शोधत होतो. ॲबरडीन, क्रू, प्लिमथ, सगळीकडे पत्रं टाकली. नाही मिळाली. मिळणारही नव्हती, आणि त्याला कारण आमचीच एक रीत आहे. एखाद्या कार्यक्रमाची अधिक चांगली प्रत आली की जुनी पुसायची. तिच्यावर दुसरं काही भरायचं. कॅसेट वाचते, आणि वाईट प्रत फिरत राहत नाही. साफ केलेली बॅरोची टेप आम्ही सगळ्यांना पाठवली तेव्हा सगळ्यांनी जुनी इमानदारीत पुसली. प्लिमथच्या गृहस्थाने तर अभिमानाने लिहिलंय की त्याने ती दोनदा पुसली.

दुसरी गोष्ट. साफ केली ती मी. मी तेव्हा रेडिओच्या एका स्थानिक केंद्रात टेप कापायचं काम करत होतो. सिरिलने मूळ रीळ रजिस्टर टपालाने पाठवलं. कुठल्याही शहाण्या माणसाने त्याची नक्कल काढून नकलेवर ब्लेड चालवलं असतं. पण नक्कल केली की आवाजामागची सरसर वाढते. तेवढी सरसर मला सहन होईना, म्हणून मी मूळ रीळच कापलं. आमच्यासारखीच माणसं हा मूर्खपणा करू शकतात.

तो इसम सिरिलच हे मला माहीत होतं. त्यानेच सांगितलं होतं काढायला. मंडळी सारखी तक्रार करत, म्हणून. एवढंच कारण.

बर्नार्ड कॅचपोल

*

फ्लीटवुड, २४ एप्रिल १९९४

श्री. कॅचपोल,

खोटं बोलू नका. तुम्हाला ते जमत नाही.

काल मी त्याच्या घरातलं शेवटचं कपाट रिकामं केलं. तुमची पत्रं तारीखवार लावलेली आहेत. त्यातलं एक समोर घेऊन बसले आहे, २० जून १९८३ चं. तुम्ही लिहिता: 'तू म्हणालास तसं हसणं काढलं. एकतीस तुकडे निघाले. मंडळींना काय सांगायचं ते मी बघतो. खरं कारण मी कुणालाही सांगणार नाही, आणि तुझ्या बहिणीला तर कधीच नाही.' म्हणजे त्याला बहीण आहे हे तुम्हाला अकरा वर्षं ठाऊक आहे.

मग मीच सांगते, म्हणजे तुम्हाला शब्द मोडल्याचं पाप नको. त्र्याऐंशीच्या मे महिन्यात आमची आई गेली. दफनाच्या वेळी आभाळ फाटल्यासारखा पाऊस. पाद्री छत्री विसरला होता. खड्ड्याजवळ येऊन उभा राहिला तेव्हा त्याची गळपट्टी ओघळली होती, बाहीतून पाणी धार्मिक पुस्तकावर ठिबकत होतं आणि चेहरा अगदी गंभीर. त्याने पहिलं वाक्य म्हटलं. सगळं शांत होतं. सिरिलच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळलं. मी मनात म्हटलं, नको रे बाबा. तीन सेकंद गेले. आणि मग तो हसला. आईच्या पेटीवर माती पडायच्या आधी, तीस माणसांदेखत. थांबायचं नाव नाही.

मी त्याला घरी येऊ दिलं नाही. दफनानंतर हॅमची सँडविचेस खायला सगळे आले, तो फाटकाबाहेर उभा होता. मी बाहेर जाऊन म्हटलं, "ते तुझं हसणं मला पुन्हा या जन्मात ऐकायचं नाही." तो म्हणाला, "बरं, विनी." त्यानंतर अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. नाताळला कार्ड यायचं. आत फक्त नाव.

जे मी कुणाला सांगितलं नाही ते असं, की मलाही हसू आलं होतं. गालाला आतून दात लावून मी ते दाबलं. पुढे दोन दिवस गाल सुजला होता. म्हणूनच मी त्याच्यावर इतकी चिडले. त्याला जमलं नाही आणि मला जमलं.

आता तुम्ही सांगा. त्याने काय लिहिलं होतं?

विनिफ्रेड हेस्केथ

*

लोस्टॉफ्ट, २ मे १९९४

प्रिय मिसेस हेस्केथ,

त्याचं पत्र सोबत जोडलं आहे, मूळच. ते माझं नाहीच. तीनच ओळी आहेत:

'बर्नार्ड, बॅरोच्या टेपमधलं माझं हसणं काढून टाक, एकूण एक. तुकडे जाळ. माणसातून निघत नाही, टेपमधून तरी निघेल. विनीला ते नको आहे. सि.'

जाळले म्हणून मी त्याला कळवलं. जाळले नव्हते. टेप कापणारा माणूस तुकडे टाकत नाही. साहेब उद्या येऊन म्हणतो, परत लाव. सवय. खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात ते अकरा वर्षं पडून होते, प्रत्येकाच्या टोकाला मेणाच्या पिवळ्या पेन्सिलने क्रमांक घातलेला. तुम्ही टेप मागितलीत त्याच दिवशी डबा काढून टेबलावर ठेवला होता. पण डबा दिला की कारण सांगावं लागलं असतं, आणि ते वाचून तुम्हाला काय होईल याची मला भीती वाटली. तुम्हाला मी ओळखत नाही, पण तुम्ही त्याची बहीण आहात.

काल एकतीसही तुकडे एकापुढे एक जोडून कॅसेट केली. ती याच पाकिटात आहे. गाणी नाहीत, विनोद नाहीत. चार मिनिटं दहा सेकंद नुसता सिरिल. जपून ऐका.

तुमचा,
बर्नार्ड

*

फ्लीटवुड, ११ मे १९९४

प्रिय बर्नार्ड,

कॅसेट शुक्रवारी आली. मी आधी भांडी घासली, मग पडदे धुतले, मग रविवारी स्वयंपाकघरातल्या रेडिओत ती घातली.

तोच आहे. विनोद काढून घेतल्यावर ते हसणं फार विचित्र वाटतं. भिंतीपलीकडे कुणाला दमा आहे असं. बारावा तुकडा चहाच्या ट्रेवाल्या पाद्र्याचा असावा. तो माणूस अख्खं गाणं संपेपर्यंत ट्रे धरून निश्चल उभा राहायचा आणि शेवटी चहा स्वतःच प्यायचा. तिथे सिरिलला श्वास पुरत नाही. मी बटाटे सोलत ऐकत होते. चार मिनिटांत तीन बटाटे झाले. लोक म्हणतात आवाज ऐकला की बांध फुटतो. माझा नाही फुटला. मी शेगडी बंद आहे ना बघून आले आणि पुन्हा पहिल्यापासून लावली.

एकतिसावा तुकडा तुम्हीही ऐकलाच असेल. तो हसतोय, आणि वर एका बाईचा आवाज. "सिरिल, पुरे. लोक बघतायत." तो आवाज माझा आहे. सव्वीस वर्षांची होते आणि तेव्हाच शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखी बोलत होते. त्यानंतर त्याचं हसू तुटतं आणि टेप संपते. म्हणजे फाटकापाशी मी ते पहिल्यांदा म्हटलं नव्हतं. आयुष्यभर तेच म्हणत आले, आणि तो दर वेळी 'बरं, विनी' म्हणत आला.

खोकी मी माझ्या घरी आणून ठेवली आहेत. आमच्या बोळात चालायला जागा नाही; पोस्टमन विचारतो, दुकान टाकताय का? व्हॅन केव्हाही आणा. मूळ रीळ मात्र आजच टपालाने वेगळं पाठवते आहे. माझी एक मागणी आहे. ते तुकडे जिथून काढलेत तिथे परत लावा. लोकांना गाढव म्हणायचं तर म्हणू दे. फक्त माझं ते 'पुरे' काढून टाका. ते जाळलंत तरी चालेल.

विनिफ्रेड

*

लोस्टॉफ्ट, २० जून १९९४

प्रिय विनिफ्रेड,

काम आज संपलं. जुने जोड सुटत होते, चिकटपट्टी पिवळी पडली होती, आणि माझे हातही आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. शेवटचा जोड लावल्यावर तारीख टाकायला गेलो तर लक्षात आलं की बरोबर अकरा वर्षांपूर्वी याच दिवशी त्याला काम झाल्याचं कळवलं होतं.

तुमचं 'पुरे' मी काढलेलं नाही. तुम्ही माझ्यावर ओरडा, पण आधी पुढचं वाचा.

तुमच्या वाक्यावर मी तेव्हा कापलं, कारण मला वाटलं हसू तिथे संपलं. पुढचा भाग रिळावरच राहिला. त्यात ट्रेवाला दुसऱ्यांदा येतो, आणि मागे कसलीशी घरघर ऐकू येते. माझ्या वहीत मी अकरा वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय: 'खुर्ची? माइक कोटाला घासला? दुर्लक्ष करावे.' प्लिमथच्या गृहस्थाचं मत पाण्याचा नळ असं होतं.

आज एकतिसावा तुकडा जागेवर बसवून मी ते सलग ऐकलं. तुम्ही म्हणता, "सिरिल, पुरे. लोक बघतायत." मग तीन सेकंद. मग नाकातून फुटलेलं हसू, तोंडावर हात दाबून धरल्यासारखं. पण ते सिरिलचं नाही. त्याचं हसू इतकी वर्षं कानात आहे, मी चुकणार नाही. ते बाईचं आहे. मागोमाग तोही सुरू होतो, पण रुमालात तोंड खुपसल्यासारखा, म्हणून तेव्हा मला ती सगळी एकच घरघर वाटली, आणि मग दोघंही. शेवटी लोकरीच्या गोळ्यासकट पिशवी बहुतेक खाली पडते, कारण टेप तिथे धाडकन वाजते आणि पुढे सगळं कापसातून आल्यासारखं ऐकू येतं.

तो नळ नव्हता. तुम्ही होतात. त्याने मला फक्त त्याचं हसणं काढायला सांगितलं होतं, आणि त्याचं म्हणून ओळखू आलं तेवढंच मी काढलं.

कॅसेट सोबत आहे. नवी प्रत मंडळींना पाठवतो आहे. या वेळी लिहिलंय: जुनी पुसा, ही ठेवा.

बर्नार्ड

*

फ्लीटवुड, ३ जुलै १९९४

प्रिय बर्नार्ड,

कॅसेट मिळाली. ऐकली. पिशवी पडली होती खरी. मोज्याच्या सुया नंतर आम्ही खुर्च्यांखाली शोधत होतो, आणि शेजारचे गृहस्थ पाय वर घेऊन बसले होते. हे मी साफ विसरले होते. मला वाटत होतं मी नेहमी थांबवणारीच होते.

ऐकताना काही झालं नाही. मी कपबशी विसळली आणि झोपले. तुम्हाला काहीतरी मोठं लिहावं म्हणून दोन दिवस थांबले, पण लिहिण्यासारखं काही आत सापडेना.

मग मंगळवारी मी औषधाच्या दुकानाजवळ बसच्या रांगेत उभी होते. पाऊस नव्हता, ऊन होतं. समोरून आमच्या चर्चचा नवा पाद्री सायकलवरून गेला, अगदी कोरडा ठणठणीत. त्याने मान लववली, मी मान लववली, तो कोपऱ्यावरून वळून दिसेनासाही झाला. आणि मग मला आई आठवली, तो ओघळलेला पाद्री आठवला, सिरिलचा चेहरा आठवला, आणि मला हसू आलं. अकरा वर्षं गालात धरून ठेवलेलं. आवाज माझाच होता, पण रेकणं त्याचं होतं. दोन बस गेल्या, मला चढताच येईना. एका मुलीने विचारलं, "आजी, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "माझा भाऊ गेला गं." आणि तेव्हा मला रडू आलं, रस्त्यातच, हसता हसता. मला त्याची फार आठवण येते, बर्नार्ड.

सगळी रांग माझ्याकडे बघत होती. मी बघू दिलं.

व्हॅन घेऊन शनिवारी या. स्टेशनवर भेटायच्या भानगडीत पडू नका, सरळ घरी या. दार उघडं असेल.

तुमची,
विनी